खुंटीवरचं उलथनं

खरं सांगते, हे लिहायला मी रागानं बसले. हाताच्या व्यायामाच्या मॅडमनी सांगितलं होतं, रोज एक पान लिहायचं, पेन धरायची सवय परत लागते. काय लिहू विचारलं तर म्हणाल्या, मनात असेल ते. मनात दुसरं काही नव्हतंच. माझी थोरली जाऊ होती आणि तिनं मला जे केलं ते होतं. पहिल्या दहा पानांत तेवढंच आहे, ती कुणाला दाखवण्यासारखी नाहीत. ही नंतरची पानं. ज्या बायांना शुगर आहे आणि ज्यांचं पोट हातावर आहे, त्यांनी वाचावीत म्हणून नीट लिहून काढलीत. राग मात्र काढून टाकलेला नाही. तो असू दे.

हात तयार होणं

नेऱ्याहून कासारसाईच्या धरणाकडं जाताना रस्त्याच्या कडेला आमचं शेड आहे. अर्ध्या रानात खोल्या बांधून भाड्यानं दिल्या, मागं भात, आणि रस्त्याकडच्या तुकड्यावर हे शेड. ‘चुलीवरची भाकरी’ अशी पाटी लावलीय. शनिवार-रविवारी हिंजवडीच्या कंपन्यांतली पोरंपोरी धरण बघायला येतात आणि आमच्याकडं जेवतात. पिठलं, कालवण, ठेचा हे घरातलं कुणीही करतं. तांदळाची भाकरी माझी. त्या चुलीपुढची जागा माझी. घरात मला मान होता तो त्या जागेमुळं होता, हे मला चांगलं ठाऊक होतं.

आमच्या घरात एक रीत होती. नवी सून आली की सासूबाई तिच्या हातात उलथनं द्यायच्या. भाकरी त्यानं उलटायची, आराला, म्हणजे चुलीतल्या निखाऱ्यांना, लावली की त्यानंच बाहेर काढायची. सासूबाई शेजारी बसून बघायच्या, सुनेचा हात आगीला भिऊन मागं येतोय का. ज्या दिवशी सून नुसत्या बोटांनी भाकरी उलटायची आणि फुगलेली भाकरी आरातनं बोटांनीच उचलून टोपल्यात टाकायची, त्या दिवशी सासूबाई तिचं उलथनं घेऊन चुलीमागच्या खुंटीला अडकवायच्या. म्हणायच्या, हात तयार झाला. मग चार घरी सांगत सुटायच्या.

माझं उलथनं तिसऱ्या वर्षी खुंटीला गेलं. थोरल्या जाऊबाईंचं, त्यांना मी आक्का म्हणते, कधीच गेलं नाही. त्यांचा हात चटका बसला की मागं यायचाच. सासूबाई गेल्या, भावजी गेले, आक्कांच्या केसात एक काळा उरला नाही, तरी उलथनं काही सुटलं नाही. आणि मी ते त्यांना विसरू दिलं नाही, हेही लिहिते. गिऱ्हाइकं बसलेली असली की मुद्दाम विचारायचे, आक्का, तुमचं उलथनं कुटं ठिवलंय? पोरं हसायची. आक्का खाली मान घालून कांदा चिरायच्या.

शुगर मला आठ वर्षांपासून. गोळ्या दिल्या होत्या. चक्कर आली की घ्यायचे, बरं वाटलं की डब्यात पडून राहायच्या. चहात साखर बंद केली होती, तेवढ्यावर मी स्वतःला शहाणी समजत होते. मागच्या दोन वर्षांत माझा हात इतका तयार झाला की विचारू नका. आरात हात घालून निखारा सरकवायचे. पोरं मोबाइलवर व्हिडिओ काढायची, मावशी भाजत नाही का म्हणायची. मी म्हणायचे, तीस वर्षांची ओळख आहे आगीची. सकाळी बोटं आखडलेली असायची, मधलं बोट मिटलं की अडकायचं आणि खटकन सुटायचं, बांगडी चढवायला हात गोळा होत नव्हता, ब्लाउजचा हूक बोटांना सापडत नव्हता. वय झालं, दुसरं काय, असं म्हणून सोडून दिलं. दुसऱ्या कुणाच्या घरात हाताला चटका कळत नाही म्हटल्यावर बाई घाबरली असती. मला सासूबाईंनी त्याचा अभिमान बाळगायला शिकवलं होतं.

करपल्याचा वास

रविवारची दुपार होती, सगळी बाकडी भरलेली. मला करपल्याचा वास आला. आमच्या ह्यांना ओरडले, लक्ष कुटं हाय, कालवण लागलंय खाली. ते म्हणाले, पातेलं मघाशीच उतरवलंय. मी भाकरी उलटून बघितली, पांढरीशुभ्र होती. समोर व्हिडिओ काढणाऱ्या पोरीनं मोबाइल खाली ठेवला.

‘मावशी, तुमचं बोट.’

उजव्या हाताचं पहिलं आणि मधलं बोट निखाऱ्याला टेकलं होतं. किती वेळ, मला माहीत नाही. दुखत नव्हतं. जरासुद्धा नाही. मी पदरानं पुसलं, हळद दाबली आणि राहिलेल्या भाकऱ्या पुऱ्या केल्या. आता आठवलं की स्वतःचाच संताप येतो. त्या दिवशी मात्र मी त्या पोरीलाच हसले होते, एवढ्यातेवढ्याला घाबरते म्हणून.

पाचव्या दिवशी मनगटापर्यंत हात सुजला, ताप भरला. ह्यांनी गाडी काढली आणि मला पुण्याला नेलं.

मधली फट

डॉक्टरीणबाई तरुण होत्या. माझा हात बघितला, साखरेचा आकडा बघितला, आणि म्हणाल्या, हात जोडा. मला वाटलं, बाई मला देवाचं नाव घ्यायला सांगतायत, म्हणजे संपलंच. मी दोन्ही हात जोडले. त्यांनी डोक्यावरचा दिवा लावला आणि खिशातलं पेन काढून माझ्या दोन तळव्यांच्या मधून आरपार घातलं. पेन कुठंच अडलं नाही.

माझी बोटं एकमेकांना टेकतच नव्हती. नुसती टोकं भेटत होती, मधे ही एवढी फट. किती दिवसांपासून असं आहे, त्यांनी विचारलं. मला काय सांगता येणार? रोज सकाळी देवापुढं हात जोडत होते, पण डोळे मिटून. त्यांनी सांगितलं, साखर वर्षानुवर्षं चढी राहिली की कातडं आणि सांधे ताठतात, आणि बोटांतली जाण हळूहळू जाते. आधी बहुतेकदा पायाची जाते, तुमची हाताचीही गेलीय. मी म्हटलं, नाही हो, माझा हात तयार आहे. त्यांना कळलं नाही. त्यांनी परत विचारलं, कशासाठी तयार? मी रडायला लागले.

पहिल्या बोटाचं वरचं पेर काढावं लागलं.

दवाखान्यात अकरा दिवस होते. पहाटे सिस्टर यायची, बोट टोचून साखर बघायची आणि सवयीनं म्हणायची, दुखलं का? नाही म्हणायची मला लाज वाटायची, म्हणून मी ‘आई गं’ म्हणायचे. एक दिवस डॉक्टरीणबाईंनी डोळे मिटायला सांगितले. नायलॉनचा बारीक दोरा बोटांना टेकवणार, कळलं की हो म्हणा. मला काही कळत नव्हतं. मी अंदाजानं, थोडं थांबून थांबून, हो म्हणत राहिले. मनात म्हटलं, पास झालं पाहिजे. शेवटी त्या म्हणाल्या, ‘मावशी, मी मघाशीच दोरा खाली ठेवलाय.’ शेजारच्या खाटेवरची म्हातारी पोट धरून हसली. मलाही हसू आलं. तिथं आल्यापासून पहिल्यांदा.

आणखी एक चांगलं झालं ते सांगते. आमचे हे तीस वर्षांत माझ्याशी कामापुरतं बोललेले. पट्टी बांधलेला हात घेऊन मी न्हाणीघराच्या दारात उभी राहिले, हूक लागेना, सिस्टरला हाक मारायची लाज वाटत होती. ते आले आणि खाली मान घालून एकेक हूक लावायला लागले. चुकले, परत काढले, परत लावले. वेणी घालायलाही तिथंच शिकले. वेणी वाकडी यायची, पण यायची.

वेगळा पेला

घरी आले तर चुलीपुढं आक्का बसलेल्या. उलथनं हातात, पीठ भुरभुरलेलं, भाकरीच्या कडा चिरलेल्या. मला वाईट वाटलं नाही. अकरा दिवस कुणीतरी बसायला हवंच होतं. मी म्हटलं, उठा आक्का, डाव्या हातानं उलटते, तुमी थापा. शेडमध्ये गिऱ्हाइकं होती, शेजारच्या दोघी बाया होत्या. आक्का उठल्या नाहीत. सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाल्या,

‘सुमन, हितं नगं बसूस. तुझ्या हाताचं आता कोण खाईल?’

मी ह्यांच्याकडं बघितलं. ते म्हणाले, चार दिवस वैनीला बसू दे, मग तू हायेसच. दवाखान्यात माझे हूक लावणारा माणूस तो हाच. आतल्या खोलीत जाऊन मी भिंतीला पाठ लावून बसले. तेव्हाच ठरवलं, ही बाई माझ्यापुढं हात जोडेल तेव्हाच मी गप्प बसेन.

चार दिवसांचे चार महिने झाले. आक्का एवढ्यावर थांबल्या नाहीत. माझा चहा वेगळ्या पेल्यात यायला लागला. पितळेचा, कडेला चेपलेला, आधी गड्याला द्यायचो तो. तो पेला घासायला वेगळा चोथा. पिठाच्या गिरणीत त्यांनी सांगितलं, बोटं झडायला लागलीत, आग कळत न्हाई, कसला रोग ते समजून घ्या. गिरणीवाली मला दारातच म्हणाली, ताई, डबा तिकडंच ठेवा. माझी साखर कुणाला लागत नाही. आणि त्यांच्या मनात होता तो महारोग असता, तरी त्यालाही आता गोळ्या आहेत आणि त्या माणसालाही वेगळा पेला द्यायचं कारण नाही. हे गिरणीत सांगायला हवं होतं, पण मी डबा दारात ठेवला आणि घरी आले.

लोक म्हणतात, आजारपणात मन शांत ठेवा. मी ठेवलं नाही. मला बरं केलं ते गोळ्यांनी, इन्शुलिननं आणि आक्कांवरच्या रागानं. मॅडमनी मऊ गोळा दिला होता, मूठ आवळून पिळायचा. मी तो आक्कांचा गळा समजून पिळायचे, दिवसातून तीनदा. तळवे टेबलावर दाबायचे, बोटं एकेक करून मागं ओढायची. परातीत तांदूळ घेऊन त्यात वालाचे दाणे लपवायचे आणि डोळे मिटून शोधायचे. पहिला महिना एकही सापडला नाही. परात भिंतीवर फेकून दिली, तांदूळ ह्यांनी गोळा केले. तिसऱ्या महिन्यात डाव्या हाताला एक दाणा लागला. खडा असेल म्हणून डोळे उघडले, तर वालच होता. मी तो दाणा पदराला बांधून ठेवला. गोळी एक दिवस चुकवली नाही. जेवणात भात निम्मा केला, आमच्यात ते सोपं नाही. मॅडमनी सांगितलं होतं, जाण पूर्ण परत येईलच असं नाही, पण आहे ती टिकवता येईल आणि चिमट्यानं, उलथन्यानं सगळं काम करता येईल. उलथनं म्हटल्यावर माझं तोंड कडू झालं.

बारा दिवस

आता जे लिहायचंय त्यासाठी दोन दिवस पेन हातात घेतलं नव्हतं.

एका शनिवारी मी शेडच्या कोपऱ्यात लसूण सोलत होते. आक्कांनी तव्यावरची भाकरी आराला लावली, फुगली, आणि उलथनं न घेता नुसत्या बोटांनी बाहेर काढली. सावकाश. हात मागं आला नाही. त्या स्वतःच चकित झाल्या. दुसरी काढली, तिसरी काढली. मग उठल्या, पदरानं उलथनं पुसलं आणि चुलीमागच्या खुंटीला माझ्या उलथन्याशेजारी अडकवलं. डोळ्यांत पाणी होतं त्यांच्या. आमच्या ह्यांना म्हणाल्या, सासूबाई आज असायला हव्या होत्या.

साठीला आलेल्या बाईचा हात एकाएकी तयार होत नाही. मला त्याच क्षणाला कळलं. मी लसूण खाली ठेवला आणि म्हटलं,

‘झाला की हात तयार, आक्का.’

त्या माझ्याकडं बघून हसल्या. चार महिन्यांत पहिल्यांदा.

त्यानंतर मी बारा दिवस गप्प बसले. बघत बसले. त्या घटाघटा पाणी पीत होत्या. पायातली चप्पल निसटून मागं राहिली तरी त्यांना कळत नव्हतं, तशाच पुढं जात होत्या. हातातनं पेले सटकत होते. गळ्यातल्या माळेचा फासा लावायला शेजारणीला बोलावत होत्या. मला एकेक खूण ओळखीची होती आणि एकेक बघून मला गोड वाटत होतं. रात्री झोप छान लागायची. वाचणाऱ्याला मी दुष्ट वाटले तर वाटू द्या. मी होते.

तेराव्या दिवशी सुट्टीमुळं शेड भरलेलं होतं, शेजारच्या त्याच दोघी बाया बाकड्यावर होत्या. मी पाण्याचे जग भरत होते. परातीत थापलेल्या भाकरीवर मला एक तांबडा डाग दिसला. मग दुसरा. आक्कांच्या अंगठ्यावर भला मोठा फोड फुटलेला, कातडं लोंबत होतं, आणि त्या बोलत बोलत थापतच होत्या. त्यांच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं. माझ्या नाकात तो माझ्या बोटाचा वास आला, खराखुरा, आत्ता करपतंय असा. दया आली असं लिहिलं तर खोटं होईल. एवढंच वाटलं की बोट गेल्यावर हिला कळलं, तर माझ्या गप्प बसण्याला काही चव राहणार नाही. आणि त्या वासापुढं मला उभं राहवेना.

मी परातीतली भाकरी उचलली आणि चुलीत टाकली.

‘आक्का, हात जोडा.’

‘तुझ्याफुडं?’

‘व्हय. माझ्याफुडं. समद्यांच्या देखत.’

त्यांना वाटलं, मी माझा हिशोब मागतेय. तोंड लाल झालं. काहीतरी बोलायला गेल्या आणि त्यांची नजर अंगठ्यावर गेली. रक्त मनगटापर्यंत आलं होतं. त्यांनी अंगठा उलटासुलटा करून बघितला, दुसऱ्या हातानं दाबला, परत दाबला. मग सगळ्या शेडसमोर माझ्या थोरल्या जावेनं माझ्यापुढं हात जोडले. चार महिने मी ह्याच गोष्टीची वाट बघितली होती. तिच्या दोन तळव्यांच्या मधून मला पलीकडची चूल दिसत होती, आर दिसत होता.

मी खुंटीवरचं माझं उलथनं काढलं. अंगठ्याला स्वच्छ फडकं बांधून त्यांना बाकड्यावर बसवलं, परात घासून नवीन पीठ घेतलं आणि चुलीपुढं बसले. त्या दिवशीच्या राहिलेल्या भाकऱ्या मी केल्या, उलथन्यानं, एका बोटाचं पेर नसलेल्या हातानं. पहिली भाकरी मोडली. बाकीच्या आल्या. लोकांनी खाल्ल्या, शेजारच्या दोघींनीही. तिथं आता मीच बसते. दोन्ही उलथनी चुलीजवळ असतात आणि खुंटीला आम्ही टॉवेल अडकवतो.

तुम्ही हे वाचत असाल आणि तुम्हाला गरम भांडं उचलताना फडकं लागत नसेल, तर कौतुक करून घेऊ नका. डोळे उघडे ठेवून हात जोडून बघा. काही शंका आली तर दुसऱ्या दिवशी उपाशीपोटी रक्त तपासून घ्या.

आक्कांना मी तसंच नेलं, दुसऱ्या दिवशी सकाळी. साखर माझ्याहून जास्त निघाली. अंगठा मात्र वाचला. मी त्यांना माफ केलेलं नाही, त्यांनी माफी मागितलेलीही नाही. तो चेपका पेला मी भंगारात घातला, एवढंच. रांगेत आम्ही दोघी बाकावर शेजारी बसलो होतो. बराच वेळ त्या बँडेजकडं बघत होत्या. मग माझ्याकडं न बघताच त्यांनी विचारलं,

‘तुला कवा कळलं?’

खोटं बोलता आलं असतं. काल कळलं म्हटलं असतं तर मी देवीच झाले असते.

‘उलथनं खुंटीला लावलंत त्या दिवशी. बारा दिस गप बसले.’

आतून त्यांच्या नावाची हाक आली. गुडघ्यावर हात टेकून उठल्या, चप्पल पायात आहे का ते खाली वाकून बघितलं, आणि म्हणाल्या,

‘मी असती तर महिना काडला असता.’